धंदा वाढतोय, मग पैसा कुठे जातोय?

एका कारखान्याच्या मालकांनी लिहून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. धातूचे सुटे भाग बनवणारा 12 वर्षांचा कारखाना, 34 माणसं. मागच्या वर्षी विक्री 40 टक्क्यांनी वाढली, हिशेबात 8 टक्के नफा दिसतो. गिऱ्हाइकांकडून पैसे यायला सरासरी 75 दिवस लागतात, माल 50 दिवसांचा पडून असतो, पुरवठादारांना 30 दिवसांत पैसे द्यावे लागतात. मागच्या वर्षी घेतलेल्या मशीनची निम्मी रक्कम ओव्हरड्राफ्टमधून, म्हणजे बँकेने ठरवून दिलेल्या मर्यादेपर्यंतच्या उचलीतून गेली. एकट्या एका गिऱ्हाइकाकडे 35 टक्के विक्री आहे. तो आता दुप्पट काम देतो म्हणतोय, पण सगळ्याच मालावर 10 टक्के भाव कमी मागतोय. त्यासाठी दुसरी जागा आणि नवं मशीन घ्यावं लागेल, बँक कर्ज द्यायला तयार आहे. मालक सकाळी सातला येतात, रात्री दहाला जातात, विक्री त्यांचा भाऊ पाहतो. ‘घ्यावी का जागा?’ असा त्यांचा प्रश्न आहे, आणि शेवटी एक ओळ आहे: ‘पगाराच्या आठवड्यात झोप लागत नाही.’

त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करतो. नफ्यात असलेल्या, वाढणाऱ्या कारखान्याच्या मालकाला पगाराच्या आठवड्यात झोप लागत नसेल, तर त्याला कामाची टंचाई नाही. मग आणखी काम घेऊन ती झोप परत येणार नाही. माझं उत्तर असं: आत्ता जागा घेऊ नका. गिऱ्हाइकाला नकारही देऊ नका. सहा महिने मागून घ्या, आणि त्या सहा महिन्यांत दोन गोष्टी मोकळ्या करा, अडकलेला पैसा आणि अडकलेले तुम्ही. हे मी कशावरून म्हणतो ते आकड्यांनी दाखवतो, कारण नुसत्या सल्ल्यावर कोणी एवढा मोठा निर्णय बदलू नये.

सोपं पडावं म्हणून मागच्या वर्षीच्या वाढीआधीची तुमची वार्षिक विक्री 365 धरू, म्हणजे रोजची 1. कच्चा माल आणि थेट मजुरी मिळून खर्च विक्रीच्या 70 टक्के धरतो, त्यात कच्चा माल 50 टक्के. तुमच्या धंद्यात हे आकडे साधारण असेच असतात. तुमचे वेगळे असतील तर ते घालून पाहा, रीत तीच राहील. 50 दिवसांचा माल म्हणजे 35 अडकले. 75 दिवसांची उधारी म्हणजे 75 अडकले. पुरवठादारांचे 30 दिवस म्हणजे 15 तुमच्या हातात राहिले. एकूण 95. एवढा पैसा कायमचा धंद्याच्या पोटात असतो. तो दिसत नाही, काढता येत नाही, पण तो नसेल तर चाक फिरत नाही.

आता विक्री 40 टक्क्यांनी वाढली, 511 झाली. दिवस तेच राहिले तर पोटातला पैसाही 40 टक्क्यांनी वाढतो, 95 चे 133 होतात. म्हणजे 38 जास्तीचे लागले. तुमचा नफा किती? 511 चे 8 टक्के, साधारण 41. त्यातले 38 वाढीनेच खाल्ले. उरले 3. कर मात्र पूर्ण 41 वर भरायचा, कर्जाचं मुद्दल याच पैशांतून फेडायचं आणि घरखर्चही यातूनच. तुमचा हिशेबनीस खोटं बोलत नाही. नफा खरोखर झाला आहे, फक्त तो गिऱ्हाइकांच्या खात्यांत आणि तुमच्या मांडण्यांवर बसला आहे.

हे गणित लहानांनाच लागू पडतं असं नाही. अमेरिकेतली डब्ल्यू. टी. ग्रँट ही दुकानांची साखळी 1975 मध्ये दिवाळखोरीत गेली तेव्हा तिची हजारावर दुकानं होती. त्याआधीची कित्येक वर्षं ती नफा दाखवत होती, भागधारकांना लाभांशही देत होती. पण दुकानं वाढत होती, गिऱ्हाइकांची उधारी वाढत होती आणि व्यवसायातून हातात येणारी रोकड बराच काळ उणे होती. आणि टोयोटा, जिचं उदाहरण सगळे कार्यक्षमतेसाठी देतात, ती 1950 मध्ये बुडायच्या बेतात होती. युद्धानंतरच्या मंदीत गाड्या बनत होत्या, विकल्याही जात होत्या, वसुली मात्र मागे पडत होती. बँकांनी मदत केली, पण अटी घातल्या. विक्रीसाठी वेगळी कंपनी काढावी लागली, माणसं कमी करावी लागली, संप झाला आणि संस्थापक किइचिरो टोयोडा यांनी राजीनामा दिला. त्याच वर्षी कोरियाचं युद्ध सुरू झालं, अमेरिकी सैन्याकडून ट्रकची मागणी आली आणि कंपनी सावरली. लागेल तेव्हाच, लागेल तेवढंच बनवायचं ही जी शिस्त पुढे टोयोटातलेच अभियंते ताइइची ओनो यांनी तिथे रुजवली, तिच्यामागे ही धग होती असं मला वाटतं. मालाच्या राशीत पैसा कसा गाडला जातो ते त्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

आता या नव्या कामाकडे बघू. ते मोठं गिऱ्हाईक तुमच्या मालाच्या दरात 10 टक्के कपात मागतं आणि दुप्पट नग घेतं. आज त्याची विक्री 100 असेल तर तुमचा थेट खर्च 70, हातात 30. उद्या तेवढ्याच नगांचे 90, खर्च 70, हातात 20. दुप्पट नग म्हणजे 40. म्हणजे दुप्पट काम करून हातात येणारी रक्कम 30 वरून 40 झाली. वाढलेल्या अख्ख्या कामाचे तुम्हाला मिळाले 10. सवलत फक्त नव्या कामावर नसते, जुन्यावरही लागते, हे कोटेशन करताना कोणाच्या ध्यानात येत नाही. माझ्याही आलं नव्हतं.

पूर्ण कारखान्याच्या पातळीवर मांडलं तर 511 विक्रीतला त्याचा वाटा साधारण 179. नव्या सौद्यात तो 322 च्या आसपास जातो. थेट खर्च वजा जाता तुमच्या हातात वर्षाला 18 जास्त येतील. त्यासाठी उधारी आणि मालात आणखी सुमारे 39 अडकतील. आणि त्या 18 मधूनच नव्या जागेचं भाडं, मशीनचा हप्ता, नवा सुपरवायझर, वाढीव वीज आणि वाहतूक काढायची आहे. शिवाय आज 35 टक्के असलेलं गिऱ्हाईक उद्या जवळजवळ 50 टक्के होतं. मग पुढच्या वर्षी त्याने आणखी 5 टक्के मागितले किंवा 75 चे 100 दिवस केले, तर तुम्ही काय म्हणणार? हप्ता तुमच्या नावावर असेल. नाही म्हणायची ताकद तुम्ही आधीच विकलेली असेल.

हे मी फार कळकळीने लिहितोय त्याला कारण आहे. माझ्या धंद्याच्या नवव्या वर्षी मी नेमकं हेच केलं होतं. मोठं गिऱ्हाईक, मोठी ऑर्डर, दुसरी जागा. चौदा महिन्यांनी त्यांच्याकडे खरेदीचं धोरण बदललं आणि माझी बिलं चार-चार महिने अडकली. त्यांनी काही बेकायदा केलं नाही, फक्त त्यांना घाई नव्हती. मी एका जागेतली तीन चांगली मशीनं विकून पगार दिले. तेव्हा ज्या कारागिरांनी दोन महिने अर्ध्या पगारावर काम केलं, त्यांच्या घरी त्या काळात काय झालं असेल हा विचार आजही माझ्या मनातून जात नाही. वाढीचा निर्णय मालक घेतो, पण चुकला तर त्याची किंमत आधी तेच मोजतात.

म्हणून आधी वसुली. 75 दिवस हा आकडा ‘गिऱ्हाईक उशिरा देतं’ असं म्हणून सोडून देऊ नका, त्याचे तुकडे करा. मागच्या तीन महिन्यांची सगळी बिलं घ्या. माल कधी गेला, बिल कधी बनलं, बिल समोरच्याच्या हिशेब विभागात कधी पोचलं, मुदत किती होती आणि पैसे कधी आले, या पाच तारखा शेजारी शेजारी लिहा. बहुतेक कारखान्यांत पहिले आठ-दहा दिवस आपल्याच घरात गेलेले सापडतात. माल सोमवारी गेला, बिल शुक्रवारी बनलं. बिलावर ऑर्डर नंबर चुकला म्हणून ते परत आलं, दुसऱ्यांदा गेलं तेव्हा समोरच्यांचं महिन्याचं खातं बंद झालेलं, मग पुढच्या महिन्यात. एका चुकीच्या नंबराने महिना जातो. माल ज्या गाडीत जाईल त्याच गाडीत बिल गेलं पाहिजे, हा एक नियम लावा.

दुसरं, फोन मुदत संपल्यावर करू नका, मुदतीच्या दहा दिवस आधी करा. त्यात पैसे मागायचे नाहीत. ‘अमुक नंबरचं बिल मिळालं ना, त्यात काही अडचण नाही ना?’ एवढंच विचारायचं. अडचण असेल तर ती तेव्हाच कळते आणि दहा दिवसांत मिटते. मुदत संपल्यावर फोन केला तर तीच अडचण निमित्त होते. हा फोन तुम्ही करू नका आणि विक्री पाहणाऱ्या तुमच्या भावालाही करू देऊ नका. ज्याला पुढची ऑर्डर हवी आहे त्याच्या तोंडून पैशांची गोष्ट नीट निघत नाही. हिशेबातल्या एका शांत, चिकाटीच्या माणसाला आठवड्यातली दोन सकाळ हेच काम द्या. आणि प्रत्येक गिऱ्हाइकाची उधारीची मर्यादा आधीच ठरवा, त्यापुढे गेलं की पुढचा माल थांबेल. मर्यादा आधी सांगितलेली असली की माल थांबवताना भांडण होत नाही.

75 चे 60 झाले तर तुमच्या आजच्या विक्रीवर 21 मोकळे होतात. माल 50 चा 40 दिवसांवर आला तर जवळजवळ 10. मिळून 31, बिनव्याजी. हातात आलेले हे 31 मागच्या वर्षी वाढीने खाल्लेल्या 38 च्या जवळ जातात. बँकेकडून तुम्ही नव्या कामासाठी जे मागणार आहात त्याचा मोठा हिस्सा तुमच्याच घरात पडलाय.

ओव्हरड्राफ्टचं मात्र लगेच, या महिन्यात बघा. मशीन दहा-बारा वर्षं चालणार, त्याचे पैसे ते हळूहळू कमावून देणार. ओव्हरड्राफ्ट असतो पगार आणि कच्च्या मालाच्या चढउतारासाठी. तुम्ही मशीन त्यातून घेतलं आणि मर्यादेचा तेवढा भाग कायमचा अडवून बसलात, म्हणून पगाराच्या आठवड्यात तो तळाला जातो. बँकेत जाऊन सरळ सांगा की या मशीनची रक्कम पाच किंवा सात वर्षांच्या मुदत कर्जात बदलून हवी. मशीन तारण आहे, धंदा नफ्यात आहे, मागणी रास्त आहे. यात नवा पैसा येत नाही, पण जुना योग्य जागी जातो. तुमच्या झोपेसाठी एवढं एकच पाऊलसुद्धा पुष्कळ करेल.

आणि तेरा आठवड्यांचा रोकडीचा तक्ता सुरू करा. एका कागदावर तेरा रकाने. वर सुरुवातीची शिल्लक, मग गिऱ्हाइकाच्या नावानिशी येणारी रक्कम, मग तारखेनिशी जाणारी: पगार, माल, हप्ता, कर, भाडं, वीज. खाली शेवटची शिल्लक. दर सोमवारी एक आठवडा पुसायचा, एक पुढे जोडायचा. पहिले चार-पाच सोमवार तुमचे अंदाज चुकतील. चुकू द्या, पण का चुकला ते प्रत्येक वेळी शेजारी लिहा. तीन महिन्यांनी तुम्हाला खड्डा सहा आठवडे आधी दिसायला लागेल. सहा आठवडे आधी दिसलेल्या खड्ड्यावर दहा उपाय असतात. आदल्या दिवशी दिसला तर व्याजाने पैसे उचलण्यापलीकडे काही हातात राहत नाही.

आता मशीनबद्दल. ‘क्षमता कमी पडते’ हे वाक्य मी शेकडो मालकांच्या तोंडून ऐकलं आहे आणि निम्म्याहून जास्त वेळा ते खरं नव्हतं. एक मोजणी करा. कारखान्यात या क्षणी किती जॉब अर्धवट पडलेत ते फिरून मोजा आणि रोज सरासरी किती पूर्ण होऊन बाहेर जातात ते बघा. 60 जॉब आत असतील आणि रोज 3 बाहेर जात असतील तर एका जॉबला सरासरी 20 दिवस लागतात. जॉन लिटल या अमेरिकी संशोधकाने 1961 मध्ये हे सिद्ध करून दाखवलं, त्याला ‘लिटलचा नियम’ म्हणतात. त्या 20 दिवसांत जॉबवर प्रत्यक्ष काम किती तास होतं ते बघितलं तर धक्का बसतो. उरलेला वेळ तो मांडणीवर, ट्रॉलीत किंवा कोणाच्या होकाराची वाट बघत पडून असतो. बाहेर पडणारे 3 तेच ठेवून आत सोडायचं काम आवरलं आणि 60 चे 30 केले, तर 20 चे 10 दिवस होतात. नवं मशीन न घेता डिलिव्हरी निम्म्या दिवसांत आणि पोटात अडकलेला मालही निम्मा. अट एकच, जिथे खरी अडचण आहे ते ठिकाण कधी रिकामं राहता कामा नये.

ती अडचण कुठे आहे ते ओळखायचं कसं? इस्रायली भौतिकशास्त्रज्ञ एलियाहू गोल्डरॅट यांनी 1980 च्या दशकात हीच गोष्ट कारखानदारांच्या गळी उतरवली, की साखळीत एकच कडी सगळ्यांचा वेग ठरवते आणि बाकीच्या कड्या सुधारून काही हाती लागत नाही. ज्याच्यासमोर सगळ्यात मोठा ढीग, ती तुमची कडी. ढीग मशीनसमोर असेल तर मशीन. पण आधी त्या मशीनच्या सेटिंगचा, म्हणजे एक जॉब संपल्यावर पुढच्यासाठी मशीन लावायचा वेळ घड्याळ लावून बघा. 1969 मध्ये टोयोटातल्या एका 1,000 टनी प्रेसचं सेटिंग बदलायला चार तास लागत. शिगेओ शिंगो या जपानी अभियंत्याने आणि तिथल्या लोकांनी ते आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणलं. त्यांची युक्ती साधी होती. मशीन चालू असताना करता येईल असं काम कोणतं आणि मशीन थांबवूनच करावं लागेल असं कोणतं, ते वेगळं काढायचं. पुढच्या जॉबची हत्यारं, गेज, ड्रॉइंग आधीच तयार ठेवायचं, मशीन थांबल्यावर शोधाशोध नाही. तुम्ही तीन मिनिटांवर याल असं मी म्हणत नाही. दोन तासांचा एक तास झाला आणि दिवसाला दोन सेटिंग होत असतील, तर रोजचे दोन तास त्याच मशीनमधून मिळाले.

माझ्याकडे मात्र तो ढीग मशीनसमोर नव्हता, तपासणीच्या टेबलावर होता. प्रत्येक जॉबचा पहिला नग माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय पुढचे बनवायचे नाहीत असा माझा दंडक होता, आणि मी बहुतेक वेळ बाहेर असायचो. तीन मशीनं, सहा माणसं माझ्या होकाराची वाट बघत बसलेली असत आणि मी बँकेत क्षमता वाढवायला कर्ज मागत होतो. सकाळी सात ते रात्री दहा वाचल्यावर मला वाटतं तुमच्याकडेही ढीग तुमच्याच टेबलावर असावा.

तुमच्या वेळेचंही एक गणित आहे. एकाच खिडकीसमोर काम अनियमित येत असेल आणि प्रत्येक कामाला कमी-जास्त वेळ लागत असेल, तर वाट बघण्याचा काळ त्या खिडकीवरच्या भारासोबत सरळ रेषेत वाढत नाही. रांगांच्या साध्या गणितात खिडकी 80 टक्के व्यस्त असेल तर सरासरी थांबणं एका कामाच्या वेळेच्या 4 पट. 90 टक्क्यांना 9 पट. 95 टक्क्यांना 19 पट. म्हणजे तुमचा एक निर्णय 10 मिनिटांचा असेल आणि तुमचा दिवस 80 टक्के भरलेला असेल तर माणूस 40 मिनिटं थांबतो, 95 टक्के भरलेला असेल तर तीन तासांहून जास्त. कष्ट वाढवून हे सुटत नाही. उलट तुम्ही जितके जास्त ‘व्यस्त’, तितका कारखाना जास्त थांबलेला. मालकाचा दिवस थोडा रिकामा असणं ही चैन वाटते खरी, पण ती कारखान्याची गरज आहे.

दोन आठवडे खिशात वही ठेवा. कोणीही काही विचारायला आलं की एक ओळ लिहा: कोण, काय विचारलं, तुम्ही काय सांगितलं. मी हे केलं तेव्हा दोनशेच्या वर ओळी झाल्या आणि त्या सगळ्या आठ-नऊ प्रश्नांचीच रूपं होत्या. एवढ्या फरकाने नग चालेल का? हा माल दुसऱ्याकडून घेऊ का? या तारखेला देतो म्हणू का? अमक्याला सुट्टी देऊ का? प्रत्येक प्रश्नासाठी एक मर्यादा आणि एक माणूस ठरवा. ड्रॉइंगच्या मर्यादेत असेल तर तपासनीस पास करेल, तुम्हाला विचारायचं नाही. अमुक रकमेपर्यंतची खरेदी स्टोअरवाला करेल. ठरलेल्या सूत्रात बसणारं कोटेशन भाऊ देईल, सूत्राबाहेर असेल तरच तुमच्याकडे येईल.

इथे बहुतेक मालक एक गोष्ट चुकवतात. अधिकार दिल्यावर माणसाने पहिली चूक केली की तो परत घेतात. मग तो माणूस पुन्हा कधीच निर्णय घेत नाही, आणि त्याला पाहणारे बाकीचेही घेत नाहीत. म्हणून अधिकार देतानाच मनात चुकीची रक्कम ठरवून ठेवा: वर्षाला एवढं नुकसान झालं तरी चालेल, हा शिकण्याचा खर्च. आणि चूक झाली की त्याला ‘पुढच्या वेळी कसं ओळखशील?’ असं विचारा, ‘का केलंस?’ नको. मला हे शब्द तोंडात बसायला वर्ष लागलं.

दुसऱ्या फळीसाठी माणूस निवडतानाही जरा थांबा. सगळ्यात चांगल्या कारागिराला सुपरवायझर करायची आपल्याला घाई असते. त्यात उत्तम कारागीर जातो आणि पुष्कळदा एक दुःखी सुपरवायझर मिळतो. कारागिराला कारागीर म्हणूनच चांगला पगार आणि मान मिळेल अशी वाट ठेवा. सुपरवायझर असा शोधा ज्याच्याकडे इतर कामगार आपणहून अडचण घेऊन जातात. असा एक तरी प्रत्येक कारखान्यात असतो, आणि तो बहुधा सगळ्यात हुशार नसतो.

माणसं घाईने भरून हे होत नाही. एडिथ पेनरोझ या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी 1959 मध्येच मांडलं होतं की कंपनीच्या वाढीचा वेग तिची व्यवस्थापनाची ताकद ठरवते. नव्या व्यवस्थापकाला घडवायला जुन्याचाच वेळ लागतो आणि तो वेळ बाजारात विकत मिळत नाही. तुमचा अनुभवी माणूस एकच असेल, म्हणजे तुम्ही, तर दुसऱ्या जागेत ठेवायला तुमच्याकडे कोणीच नाही. दुसरी जागा म्हणजे तुम्ही अर्धे इथे, अर्धे तिथे, आणि दोन्हीकडे लोक थांबलेले. व्यवस्थापनाचे अभ्यासक लॅरी ग्राइनर यांनी 1972 मध्ये कंपन्यांच्या वाढीचे टप्पे मांडले, त्यात पहिलंच संकट नेतृत्वाचं आहे: संस्थापकाच्या अंगमेहनतीवर उभा राहिलेला धंदा त्याच अंगमेहनतीने अडतो. हा तुमच्या स्वभावाचा दोष नाही. प्रत्येक धंद्याच्या वाटेवर हे वळण येतं, आणि 12 वर्षं जे गुण तुम्हाला इथवर घेऊन आले तेच आता आवरायला सांगतोय हे कठीण आहे, हे मला कळतं.

भावाबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय म्हणून एवढंच सांगतो: तुम्हा दोघांचा ठरलेला पगार करा, तो ठरलेल्या तारखेला घ्या आणि मध्ये गल्ल्यातून काही काढू नका. कोणाचा शब्द कोणत्या विषयात शेवटचा, हे एका पानावर लिहून दोघांनी सही करा. आत्ता प्रेम आहे तेव्हाच लिहा. सॉफ्टवेअर, वेबसाइट, प्रदर्शनं यांबद्दलही तुम्ही विचारलंय. ते सगळं नंतर. नियम नसलेल्या कारखान्यात सॉफ्टवेअर बसवलं तर गोंधळ फक्त पडद्यावर दिसायला लागतो.

दर वाढवता येईल का, हे मात्र आत्ताच तपासा. तुमच्याकडे कमी नगांची, कटकटीची, सतत सेटिंग बदलायला लावणारी किती गिऱ्हाइकं आहेत? त्यांच्या जॉबवर 5 टक्के वाढवा. 30 चं मार्जिन 35 होतं, म्हणजे त्यातलं दर सातातलं एक गिऱ्हाईक निघून गेलं तरी तुमच्या हातात आज येतं तेवढंच येईल, आणि मशीनचे तास मोकळे होतील ते वेगळेच. माझा अनुभव असा की सातातलं एकही क्वचितच जातं. लहान गिऱ्हाइकाला वेळेवर मिळालेल्या मालाची किंमत फार कळते.

त्या मोठ्या गिऱ्हाइकाशी काय बोलायचं, तेही सांगतो. त्यांच्या खरेदी अधिकाऱ्याला भेटून सांगा की काम हवं आहे आणि नीट करून द्यायचं आहे, म्हणून टप्प्याने घेऊ. पहिले सहा महिने 20 टक्के वाढीव नग, आहे त्याच जागेत. दरातली सवलत फक्त वाढीव नगांवर. 10 टक्क्यांच्या मागणीवर थेट हो-नाही करण्याऐवजी पर्याय ठेवा: कच्चा माल तुम्ही द्या, आम्ही मजुरीचा दर लावतो, किंवा बिल 30 दिवसांत चुकतं केलंत तर 2 टक्के कमी करतो. कच्चा माल त्यांचा आला तर तुमचा अडकणारा पैसा खूप घटतो. मोठ्या कंपन्यांना माल एकगठ्ठा स्वस्तही मिळतो, त्यामुळे हे त्यांनाही परवडतं. यातलं काहीच मान्य नसेल आणि ‘सगळं किंवा काहीच नाही’ असं उत्तर आलं, तर तुम्हाला त्यांच्याबद्दल जे कळायला हवं होतं ते जागेचा करार करण्याआधीच कळलं.

जागा कधी घ्यायची? ओव्हरड्राफ्ट सलग तीन महिने अर्ध्याच्या वर गेला नाही. वसुली 60 दिवसांत आली. तुम्ही सलग दोन आठवडे फोन बंद ठेवून बाहेर राहिलात आणि माल वेळेवर गेला. आणि सेटिंगचा वेळ कमी करूनही त्या एका मशीनसमोरचा ढीग हलला नाही. हे चारही झालं तर बेलाशक घ्या, मुदत कर्जातून घ्या, आणि तिथे कोणाला बसवायचं त्याचं नाव करार करण्याआधी ठरलेलं असू द्या. दोन आठवडे फोन बंद ठेवायचं जमलं नाही, तर बाकीचे तीन होऊनही थांबा.

या सोमवारी एकच काम करा. हिशेबनिसाबरोबर बसून मुदत उलटलेली सगळी बिलं रकमेच्या उतरत्या क्रमाने लावा आणि पहिल्या दहांपुढे ‘का अडलं’ हे एका ओळीत लिहा. ‘गिऱ्हाईक देत नाही’ असं जिथे लिहिलं जाईल, तिथे त्याच दिवशी त्यांच्या हिशेब विभागात फोन करून विचारा. दहांपैकी काही बिलं त्यांच्यापर्यंत पोचलेलीच नसतील.